‘व्हेन’ दिसला म्हणून ॲडव्हर्ब क्लॉज?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजीतील सबॉर्डिनेट क्लॉज, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असणारी आपल्या व्याकरणातील गौणवाक्ये, यांचे प्रकार ओळखण्याची जी पद्धत सध्या अनेक वर्गांत, गाइडांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत रूढ झाली आहे, तिच्याविषयी काही सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी 31 वर्षे मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळी घरी येणाऱ्या मुलांना शिकवतो. पाठ केलेल्या एका चुकीच्या तक्त्यामुळे मुलांचे किती नुकसान होते, हे मला जवळून पाहावे लागते, आणि हे नुकसान टाळण्याचे साधन मुलांच्या तोंडी जन्मापासून असूनही आपण ते त्यांना वापरू देत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या महिन्यात अकरावीतील एक विद्यार्थिनी सराव चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आली. ‘आय डू नॉट नो व्हेन द बस विल कम’ या वाक्यातील ‘व्हेन’पासून पुढच्या अधोरेखित गौणवाक्याचा प्रकार विचारला होता. तिने ‘ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ टाइम’ असे लिहिले होते आणि त्यावर लाल शाईने बरोबरची खूण होती. हे उत्तर कशावरून लिहिले, असे विचारल्यावर तिने वहीत चिकटवलेला एक झेरॉक्स कागद दाखवला. त्यावर तीन रकाने होते. ‘दॅट’ आणि ‘व्हॉट’ दिसले की नाउन क्लॉज, ‘हू’, ‘हूज’, ‘विच’ दिसले की ॲडजेक्टिव्ह क्लॉज, आणि ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘इफ’, ‘ॲज’, ‘सिन्स’, ‘बिकॉज’, ‘दो’ दिसले की ॲडव्हर्ब क्लॉज. तिला हा तक्ता तोंडपाठ होता. तपासणाऱ्यांच्याही मनात तोच असावा, कारण ते उत्तर चूक आहे आणि तरीही त्याला पूर्ण गुण मिळाले आहेत.

मी तिला तेच वाक्य मराठीत सांगायला लावले. ती म्हणाली, “बस कधी येणार ते मला माहीत नाही.” मग दुसरे वाक्य दिले: ‘व्हेन द बस केम, वी गॉट इन.’ ती म्हणाली, “बस आली तेव्हा आम्ही आत चढलो.” तिसरे वाक्य थोडे लांब होते: ‘आय रिमेम्बर द डे व्हेन द फर्स्ट बस केम टु अवर व्हिलेज.’ जरा थांबून ती म्हणाली, “ज्या दिवशी आमच्या गावात पहिली बस आली, तो दिवस मला आठवतो.” तिन्ही मराठी वाक्ये मी तिलाच एकाखाली एक लिहायला सांगितली. तिने ती लिहिली, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “सर, इंग्रजीत तिन्हीकडे व्हेन आहे, पण मराठीत प्रत्येक वेळी वेगळाच शब्द आला.”

मला नेमके हेच सांगायचे आहे. इंग्रजीने एका ‘व्हेन’कडून तीन कामे करून घेतली आहेत. मराठीने त्या तीन कामांसाठी तीन वेगळे शब्द ठेवले आहेत: ‘कधी’, ‘जेव्हा-तेव्हा’ आणि ‘ज्या दिवशी’. पहिले गौणवाक्य ‘माहीत नाही’ या क्रियापदाचे कर्म आहे. काय माहीत नाही, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, म्हणून ते नामवाक्य म्हणजे नाउन क्लॉज. दुसरे आत चढण्याची वेळ सांगते, म्हणून क्रियाविशेषणवाक्य म्हणजे ॲडव्हर्ब क्लॉज. तिसरे ‘दिवस’ या नामाविषयी माहिती देते. कोणता दिवस, याचे ते उत्तर आहे, म्हणून विशेषणवाक्य म्हणजे ॲडजेक्टिव्ह क्लॉज. गौणवाक्याचा प्रकार हा जोडणाऱ्या शब्दाचा गुण नसून, ते गौणवाक्य मुख्य वाक्यात कोणाची जागा घेऊन बसले आहे, त्यावर तो ठरतो. ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांत लिहिलेली असते, पण तक्ता हाती आला की तिच्याकडे कोणी वळत नाही.

मराठी भाषकाच्या बाजूने असलेली ही सोय किती पद्धतशीर आहे, याकडे मला वाचकांचे आणि विशेषतः इंग्रजी शिकवणाऱ्यांचे लक्ष वेधायचे आहे. आपल्याकडे ‘क’ने सुरू होणाऱ्या प्रश्नार्थक शब्दांचा एक संच आहे: कोण, काय, कुठे, कधी, कसे, किती, का. ‘ज’ने सुरू होणाऱ्या संबंधी शब्दांचा दुसरा संच आहे: जो, जे, जिथे, जेव्हा, जसे, जितके. आणि त्याला उत्तर देणारा ‘त’चा तिसरा संच आहे: तो, ते, तिथे, तेव्हा, तसे, तितके. इंग्रजीत ‘हू’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘हाउ’ हे शब्द प्रश्नही विचारतात आणि संबंधही जोडतात. तिथे ‘क’ आणि ‘ज’ एकाच शब्दात मिसळले आहेत. आपल्याकडे ते वेगळे राहिले आहेत. त्यामुळे इंग्रजी वाक्य सरळ मराठीत आणले आणि गौणवाक्यात ‘क’चा शब्द आला, तर ते बहुधा नामवाक्यच असते. ‘ज’चा शब्द आला, तर त्याच्या जोडीला काय येते ते पाहायचे. ‘तो मुलगा’, ‘ते घर’, ‘तो दिवस’ असे नाम आले तर विशेषणवाक्य, आणि ‘तिथे’, ‘तेव्हा’, ‘तसे’ असे अव्यय आले तर क्रियाविशेषणवाक्य. बोलताना आपण ‘ज’चा शब्द पुष्कळदा गाळतो आणि ‘बस आली तेव्हा’ एवढेच म्हणतो, पण ‘त’चा शब्द मागे उरतोच आणि तेवढ्यावरही काम भागते.

‘व्हेअर’वर हे पडताळून पाहा. ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’ म्हणजे ‘तो कुठे राहतो ते मला ठाऊक आहे’. इथे ‘कुठे’ आले, म्हणून नामवाक्य. ‘द हाउस व्हेअर ही लिव्ह्ज इज ओल्ड’ म्हणजे ‘तो ज्या घरात राहतो ते घर जुने आहे’. इथे ‘ज्या घरात’ आणि ‘ते घर’ आले, म्हणून विशेषणवाक्य. ‘पुट इट व्हेअर यू फाउंड इट’ म्हणजे ‘जिथे सापडले तिथे ठेव’. म्हणून स्थळदर्शक क्रियाविशेषणवाक्य. ‘हू’ हा शब्द तर तक्त्यात बिनदिक्कत ॲडजेक्टिव्ह क्लॉजच्या रकान्यात बसवलेला असतो. पण ‘आय नो हू ब्रोक द पॉट’ हे वाक्य ‘माठ कोणी फोडला ते मला माहीत आहे’ असे सांगते आणि त्यातील गौणवाक्य नामवाक्य आहे. ‘ज्या मुलाने माठ फोडला तो मुलगा’ असा अर्थ असेल, तेव्हाच ते विशेषणवाक्य होईल. सातवी-आठवीच्या मुलालाही ‘कोणी’ आणि ‘ज्याने’ यांत घोटाळा होत नाही.

‘इफ’च्या बाबतीत तक्ता सर्वांत जास्त फसवतो. ‘इफ इट रेन्स, द मॅच विल स्टॉप’ याचे मराठी ‘जर पाऊस पडला तर सामना थांबेल’ असे होते आणि ते संकेत दाखवणारे क्रियाविशेषणवाक्य आहे, यात वाद नाही. पण ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’ याचे मराठी ‘पाऊस पडेल का ते मला माहीत नाही’ असे होते. त्यात ‘जर-तर’ येतच नाही. ज्या ‘इफ’च्या जागी ‘व्हेदर’ घालून वाक्याचा अर्थ तसाच राहतो आणि मराठीत ‘का’ किंवा ‘की नाही’ येते, तो ‘इफ’ नामवाक्याचा आहे, एवढे सांगितले की मुलाला पुन्हा सांगावे लागत नाही.

कोणी विचारेल की, क्लॉज ओळखता आला नाही तर एक-दोन गुणांपलीकडे काय बिघडते. बिघडते ते लिहिण्यात. मराठी माध्यमातील मुलांच्या इंग्रजी लेखनात मी वर्षानुवर्षे ज्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, त्यांतील बऱ्याचशांचे मूळ गौणवाक्याचा प्रकार न कळण्यात होते. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ ही चूक घ्या. मराठीत ‘तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन’ असे दोन्हीकडे भविष्यकाळात म्हणतात, म्हणून मूल इंग्रजीतही दोन्हीकडे ‘विल’ घालते. इंग्रजीत काळ किंवा अट दाखवणाऱ्या क्रियाविशेषणवाक्यात भविष्याची गोष्टही साध्या वर्तमानकाळात सांगतात: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ पण हा नियम नामवाक्याला लागू नाही. तिथे ‘आय डू नॉट नो व्हेन ही विल कम’ हेच बरोबर आहे. आता ज्या मुलाला ‘व्हेन म्हणजे ॲडव्हर्ब क्लॉज’ एवढेच माहीत आहे, त्याने ‘व्हेन’नंतर ‘विल’ कधी घालायचा आणि कधी नाही, हे कशाच्या आधारे ठरवायचे? नियम पाठ असूनही तो चुकतो, कारण नियम ज्या भेदावर उभा आहे, तो भेदच तक्त्याने पुसून टाकलेला असतो.

दुसरी चूक शब्दक्रमाची आहे. ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ असे लिहिणारी मुले हुशार असतात. प्रश्न विचारताना ‘डज’ आधी येतो, हे त्यांच्या लक्षात राहिलेले असते. पण मुख्य वाक्याचे कर्म झाल्यावर तो प्रश्न राहत नाही, ते नामवाक्य होते आणि इंग्रजीत त्याचा क्रम सरळ होतो: ‘व्हेअर ही लिव्ह्ज.’ मराठीत ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ यातील गौणवाक्य, दोन्हींचा क्रम एकच असतो. म्हणून इथे मराठी आपल्याला सावध करत नाही आणि शिक्षकालाच सावध करावे लागते.

तिसरी चूक आपल्या जोडशब्दांच्या सवयीतून येते. ‘जरी-तरी’ ही जोडी आपल्या कानात इतकी पक्की आहे की, ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ असे लिहिताना मुलाला काहीच खटकत नाही. ‘तरी’चा अर्थ कुठेतरी यायलाच हवा, असे त्याला वाटते. ‘दो’ने गौणवाक्य बांधले की दुसऱ्या भागात ‘बट’ची गरज उरत नाही. जुन्या इंग्रजीत ‘दो’च्या जोडीला ‘येट’ येत असे आणि अजूनही क्वचित येतो, पण ‘बट’ मात्र येत नाही. मराठीत आपण वाक्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारतो, इंग्रजी बहुतेक वेळा एकाच टोकाला मारते, असे मी वर्गात सांगत असे.

‘दॅट’विषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तक्त्यात तो नाउन क्लॉजच्या रकान्यात निश्चिंतपणे बसलेला असतो आणि परीक्षेत सर्वाधिक घात तोच करतो. ‘द न्यूज दॅट ही हॅड पास्ड रीच्ड अस लेट’ आणि ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे ‘न्यूज’ या नामानंतर ‘दॅट’ आला आहे, पण पहिले गौणवाक्य नामवाक्य आहे आणि दुसरे विशेषणवाक्य. पहिल्यात बातमी काय होती ते सांगितले आहे. तो उत्तीर्ण झाला, हीच ती बातमी. दुसऱ्यात बातमी काय होती याचा पत्ता नाही. ती कोणी आणली, एवढेच सांगितले आहे. इंग्रजीतली कसोटी अशी की, दुसऱ्या वाक्यातल्या ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालतो आणि पहिल्यातल्या जागी चालत नाही. दुसरी खूणही आहे. पहिल्यातले ‘ही हॅड पास्ड’ स्वतःपुरते पूर्ण आहे, तर दुसऱ्यातले ‘ही ब्रॉट’ अपुरे आहे, कारण काय आणले ते ‘दॅट’मध्ये दडले आहे.

पण मला मराठीची कसोटी अधिक मोलाची वाटते. ‘तो उत्तीर्ण झाल्याची बातमी’ आणि ‘त्याने आणलेली बातमी’. एकीकडे ‘झाल्याची’, दुसरीकडे ‘आणलेली’. आपण इथे पूर्ण गौणवाक्यही वापरलेले नाही, धातुसाधितावरच भागवले आहे, तरीही भाषेने दोन रूपे काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत. ‘तो आणल्याची बातमी’ असे चुकूनही कोणी म्हणणार नाही. ‘झाल्याची’, ‘येण्याची’, ‘असल्याची’ अशी षष्ठी आली की इंग्रजीत नामवाक्य, आणि ‘आणलेली’, ‘सांगितलेली’, ‘ऐकलेली’ असे विशेषण आले की इंग्रजीत विशेषणवाक्य. ही कसोटी मला कोणत्या पुस्तकात मिळाली नव्हती. अनेक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात फळ्यावर ही दोन वाक्ये लिहिताना ती माझ्या ध्यानात आली आणि त्यानंतर मी ती कधी सोडली नाही.

एक शब्द अनेक कामे करतो, हे मराठी मुलाला नवे नाही, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत ‘की’ आहे. ‘तो म्हणाला की मी येतो’, ‘तो आला की आपण निघू’, ‘तू येतोस की मी येऊ’, ‘तो इतका दमला होता की जमिनीवरच झोपला’. या चार वाक्यांतला ‘की’ एकच काम करतो, असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. आपल्या व्याकरणातही उभयान्वयी अव्ययांच्या वर्गीकरणात ‘की’ विकल्पबोधक, स्वरूपबोधक आणि संकेतबोधक अशा वेगवेगळ्या गटांत येतो आणि ‘म्हणून’चीही तीच गत आहे. उद्या कोणी ‘की दिसला म्हणजे नामवाक्य’ असा तक्ता मराठीच्या वर्गात लावला, तर मुलेच त्याला विरोध करतील, कारण मराठीत अर्थ त्यांना आधी कळतो. इंग्रजीत अर्थ कळण्याआधी शब्द दिसतो, म्हणून ती शब्दाच्या आधाराला जातात. त्यांना अर्थापर्यंत नेणे हे शिक्षकाचे काम आहे आणि मराठी हा त्यासाठीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

या रस्त्याला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर एका तक्त्याच्या जागी दुसरा तक्ता बसेल. ‘व्हॉट ही सेड वॉज ट्रू’ याचे मराठी ‘तो जे म्हणाला ते खरे होते’ असे होते. इथे ‘ज’चा शब्द आला, तरी इंग्रजीत हे नामवाक्य आहे, कारण ‘व्हॉट’च्या पोटातच ‘ती गोष्ट’ आणि ‘जी’ हे दोन्ही सामावले आहेत आणि बाहेर वेगळे नाम उरलेले नाही. याउलट ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ या म्हणीत ‘ऑल’ बाहेर उभा आहे, म्हणून ‘दॅट ग्लिटर्स’ हे त्याचे विशेषणवाक्य झाले. मराठीत ‘जे चकाकते ते सोने नसते’ यातील गौणवाक्य आपण विशेषणवाक्यच मानतो. म्हणजे ‘जे-ते’ आले की थांबायचे आणि इंग्रजी वाक्यात मागे एखादे नाम किंवा सर्वनाम खरोखर आहे का, ते पाहायचे.

‘ॲज’पाशीही थांबावे लागते. ‘ॲज आय वॉज गोइंग टु द स्टेशन, आय मेट हिम’ याचे भाषांतर मूल ‘स्टेशनकडे जात असताना तो मला भेटला’ असे करते आणि ‘ॲज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम’ याचे ‘पाऊस पडत असल्यामुळे आम्ही घरी थांबलो’ असे करते. मराठीला ‘असताना’ आणि ‘असल्यामुळे’ ही रूपे इतकी आवडतात की, गौणवाक्य त्यांत विरून जाते आणि ‘ज’ही दिसत नाही, ‘त’ही दिसत नाही. अशा वेळी भाषांतर थोडे लांबवून ‘मी स्टेशनकडे जात होतो तेव्हा’, ‘पाऊस पडत होता म्हणून’ असे म्हणायला लावावे. वाक्य किंचित बोजड होते, पण वेळ आणि कारण हा फरक उघड होतो. ‘डू ॲज आय टेल यू’ मध्ये मात्र ‘मी सांगतो तसे कर’ असे ‘तसे’ आपोआप येते आणि रीत दिसते.

जिथे जोडशब्दच गाळलेला असतो, तिथे तक्ता पूर्ण निरुपयोगी ठरतो. ‘द बुक आय बॉट इज टॉर्न’ या वाक्यात ‘आय बॉट’ हे विशेषणवाक्य आहे, हे तक्त्यावर वाढलेल्या मुलाला सुचतच नाही. तो गौणवाक्यच नाही असे लिहून मोकळा होतो. ‘मी घेतलेले पुस्तक फाटले आहे’ असे त्याला म्हणू द्या, म्हणजे ‘घेतलेले’ हा शब्दच त्याला सांगेल. स्वल्पविराम देऊन येणारे आणि संपूर्ण वाक्याविषयी बोलणारे ‘विच’, म्हणजे ‘ही पास्ड, विच सरप्राइज्ड अस’ यासारखे, मराठीत ‘जे’ने बांधले तर कानाला परके वाटते, आपण ‘तो पास झाला, याचे आम्हाला आश्चर्य वाटले’ असे दोन वाक्यांत सांगतो. असे प्रयोग वेगळे शिकवावेत. तुलनेच्या गौणवाक्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. ‘दॅन’ आणि ‘ॲज-ॲज’ सहसा मुलांना जड जात नाहीत.

नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण हे तीन प्रकार म्हणजे निसर्गनियम नव्हेत, हेही मी मोठ्या मुलांना सांगतो. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात ही जुनी त्रिविध विभागणी सोडून वेगळे वर्गीकरण मांडले आहे. पण आपल्या परीक्षांत जुनी विभागणीच चालते आणि शालेय पातळीवर तिचा उपयोगही आहे, कारण ती आपल्याला परिचित आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली आणि मोरो केशव दामल्यांचे 1911 साली प्रसिद्ध झाले. त्या काळापासून आपल्या व्याकरणाची पुष्कळशी मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने होत गेली आणि त्याबद्दल आपल्याकडे टीकाही बरीच झाली. त्या टीकेत तथ्य असले, तरी त्यामुळे एक गोष्ट आयती हाताशी आली आहे. मिश्रवाक्य, प्रधानवाक्य, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य या मराठीच्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या संज्ञा आणि इंग्रजीच्या तासाच्या संज्ञा एकमेकींवर जवळजवळ तंतोतंत बसतात. तरीही दोन्ही तासांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित गट-ब आणि गट-क सेवांच्या मुख्य परीक्षेत तर मराठी आणि इंग्रजीचे प्रश्न एकाच पेपरात येतात. माझ्याकडे येणारे उमेदवार मराठीच्या वहीत ‘नामवाक्य’ बिनचूक ओळखतात आणि इंग्रजीच्या वहीत ‘नाउन क्लॉज’ चुकतात. दोन्ही एकच आहेत, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो पाहून मला आनंदापेक्षा हळहळच अधिक वाटते, कारण हे त्यांना दहा वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.

यामागचे एक कारण मला स्पष्टपणे लिहायचे आहे. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि त्याबरोबर इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे म्हणजे कमीपणा, अशी समजूतही हळूहळू पसरली. भाषा कानावर पडावी, म्हणून तासाचा बराच भाग इंग्रजीत चालावा, हे मलाही मान्य आहे आणि मी स्वतः तसे शिकवले आहे. पण व्याकरणातला भेद समजावताना मुलाच्या भाषेत तो भेद आधीच उपलब्ध असेल, तर तो वापरू न देणे, हा मुलावर अन्याय आहे. ‘कधी’ आणि ‘जेव्हा’ यांतला फरक ज्याला तिसऱ्या वर्षी समजला, त्याला सोळाव्या वर्षी ‘व्हेन’चे प्रकार पाठ करायला लावू नयेत.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. गाइडे आणि टिपणे तयार करणाऱ्यांनी जोडशब्दांचा तक्ता द्यायचाच असेल, तर एकेका शब्दाखाली तिन्ही प्रकारांची वाक्ये द्यावीत. त्यामुळे तक्ता आपोआप मोडेल आणि मुलाला वाक्याकडे पाहावे लागेल. शाळेतील मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिश्रवाक्याचा पाठ एकाच आठवड्यात घेता आला तर घ्यावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, शिक्षक-खोलीत दहा मिनिटे बोलले तरी पुरे. उत्तरे तपासणाऱ्यांनी प्रकाराबरोबर त्याचे कारणही एका ओळीत लिहायला सांगावे आणि ते कारण मराठीत लिहिले तरी त्याला गुण द्यावेत.

प्रश्न काढणाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. संदर्भ न देता ‘टेल मी इफ यू नीड मनी’ यासारखे वाक्य प्रकार ओळखण्यासाठी देऊ नये, कारण त्याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘पैसे लागणार आहेत का ते सांग’ असा अर्थ घेतला तर नामवाक्य आणि ‘पैसे लागले तर सांग’ असा घेतला तर क्रियाविशेषणवाक्य. ‘टेल मी व्हेन यू आर रेडी’ याचेही तसेच आहे: ‘कधी तयार असशील ते सांग’ किंवा ‘तयार झालास की सांग’. अशी वाक्ये चार पर्यायांच्या प्रश्नात आली, तर नीट विचार करणारे मूल अडते आणि विचार न करता तक्ता लावणारे मूल गुण घेऊन जाते.

वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी आपली उत्तरपत्रिका पुन्हा शिक्षकांना दाखवली आणि ‘कधी’ व ‘तेव्हा’ची दोन वाक्ये त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, चूक मान्य केली आणि पुढच्या तासाला हीच वाक्ये सगळ्या वर्गाला फळ्यावर लिहून दाखवली, असे तिने मला येऊन सांगितले. तिचा एक गुण कमी झाला. वहीत चिकटवलेला तो कागद तिने सोलून काढला आहे आणि त्या जागी आता बसची तीन वाक्ये लिहिली आहेत, मराठीत आणि इंग्रजीत.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
जि. सातारा